याही घरी गेलाच नाही

संध्याकाळी आमच्याकडे टीव्हीवर एक विनोदी मालिका लागते. सुरुवातीला मीही ती हौसेने बघायचो. एक तिरसट सासरा, एक भित्रा जावई, एक चौकस शेजारीण, बस्स. हसून हसून पुरेवाट व्हायची. आता तिच्यात कोण कुणाचं काय लागतं तेच कळेनासं झालंय. सासऱ्याचा हरवलेला जुळा भाऊ उगवलाय, शेजारणीच्या अंगात भूत शिरलंय, आणि जावई मध्येच परदेशी जाऊन वेगळाच चेहरा घेऊन परतलाय. नातू वैतागून म्हणतो, "आजोबा, यांनी आता हे बंद करायला हवं." मी म्हणतो, "बंद करणं त्यांच्या हातात असतं असं तुला वाटतं?" त्याचा काय दोष? त्याने भटूआप्पांना पाहिलेलं नाही.

भटूआप्पा आचारी होते. पन्नासच्या दशकात मी शहादे तालुक्यातल्या तापीकाठच्या एका गावात प्राथमिक शाळेवर मास्तर म्हणून लागलो, त्या गावचे. बुटका, रुंद बांध्याचा माणूस. नखं हळदीने कायमची पिवळी आणि उजवी भुवई चुलीच्या जाळाने कधीचीच गेलेली. त्यामुळे चेहरा सदा अर्धवट चकित झाल्यासारखा दिसे. पंचक्रोशीत कुठेही लग्न असो, वांग्याची भाजी आणि दाळ-बट्टी आप्पांच्या हातची. स्वतः मात्र पंगतीला कधी बसायचे नाहीत. चुलीपाशी उभ्या उभ्या भाकरीचा तुकडा मोडायचे आणि कान मांडवाकडे ठेवायचे.

हा कान म्हणजे आप्पांचं खरं भांडवल. माणसं लग्नात काय बोलतात, कशी रुसतात, मान मागताना आवाज कसा लाडिक करतात, हे सगळं ते टिपत. एकदा कळसाडीच्या एका लग्नात दोन विहिणी "आधी तुम्ही बसा", "छे, आधी तुम्ही" करत अशा काही हमरीतुमरीवर आल्या, की आप्पा डाव हातात धरून ऐकतच राहिले आणि खाली भाजी करपली. मी तिथेच होतो. आता या माणसाची अब्रू जाणार, असं मला वाटलं. आप्पांनी पातेल्यात डोकावून पाहिलं, वास घेतला, आणि वाढप्यांना शांतपणे सांगितलं, "हाई खास धुरवर करेल भाजी शे. इचारतीन तं सांगी द्या." लोकांनी मागून मागून खाल्ली. वर, पुढच्या लग्नात "ती धुराची भाजी" हवी म्हणून निरोप आला.

असं टिपून टिपून त्यांनी एक माणूस उभा केला होता. याही. याही म्हणजे आपला व्याही. आमच्या त्या भागात मुलीचा बाप मुलीच्या घरचं पाणीही पीत नसे. तिला मूल होईपर्यंत तर नाहीच. आप्पांचा याही मुलीच्या सासरी एका दिवसासाठी येतो आणि जातच नाही, एवढीच काय ती गोष्ट. आल्या आल्या तो ताठ मानेने सांगायचा, "मी आंडेरना घरनं पानी बी पेत नही." आंडेर म्हणजे लेक. एवढं बोलून जरा थांबायचा आणि मग म्हणायचा, "ताक व्हई तं द्या." ताकामागून दूध, दुधामागून उसाचा रस, रसामागून शिरा. पाणी तेवढं नाही.

याहीचा यजमान व्हायचा हिलालभाऊ. हा गावचा सुतार, आप्पांचा लहानपणापासूनचा जोडीदार. उंच, हडकुळा, आणि काहीतरी हरवलंय नि ते कुणाला सांगता येत नाही अशा चेहऱ्याचा. नाटकात दर वेळी याही आपलं गाठोडं उचलून निघायला उठे. यजमानाच्या जिवात जीव येई. पण रीत म्हणून, केवळ रीत म्हणून, त्याला एकदा आग्रह करणं भाग असे. मग हिलालभाऊ आवंढा गिळायचा. तो आवंढा त्याच्या लांब गळ्यातून खाली उतरताना मागच्या रांगेतल्यालाही दिसे. मग दात आवळून तो म्हणे, "ऱ्हा ना याही, आजना दिन!" झालं. याही लगेच गाठोडं खाली ठेवायचा. "आते तुम्ही इतलं म्हनी ऱ्हायनात तं..."

मी त्यात पेटी वाजवायचो. शाळा सुटली की हिलालभाऊच्या ओसरीवर तालीम चाले. एका बाजूला अर्धवट घडवलेली गाडीची चाकं, दुसऱ्या बाजूला मी नि माझी पेटी, आणि मध्ये हे दोघे. हिलालभाऊची बायको चहा आणायची. आप्पा तिथे घरच्यासारखे वावरत, मडक्यातलं पाणी स्वतःच्या हाताने घेत. तालमीत कुणी आवाज चढवला की आप्पा थांबवायचे. मला एकदा म्हणाले, "गुरुजी, मानूस वरडना की हासू येत नही. वरडनं दाबी धरस ना, तव्हय येस." मी आयुष्यभर मुलांना मराठी शिकवलं, पण विनोदावर याहून शहाणं वाक्य मला सापडलेलं नाही.

सारंगखेड्याच्या यात्रेत आम्ही पहिल्यांदा हा खेळ केला, तो दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. दुपार कलली, घोड्यांचे सौदे थंडावले, की लोक तंबूकडे वळत. अंधार पडायच्या आत गाड्या जुंपून गावाला परतायचं असे, म्हणून खेळ उजेडीच व्हायचा. हिलालभाऊने पहिला आवंढा गिळला आणि तंबूत जो हशा उसळला, त्याने बाहेर बांधलेली घोडी बिचकली. पुढच्या वर्षी लोक आपणहून विचारत आले, "याही गया का नही?" तेव्हा आप्पांनी पुढचा भाग बांधला. याही अजून तिथेच आहे. मग त्याच्या पुढच्या वर्षी आणखी एक. दर यात्रेला नवा भाग. तीन-चार वर्षं आम्ही असे काही रंगलो की काय सांगू! खेळ संपला तरी लोक जागचे हलत नसत.

घात केला तो आनंदानेच.

एका तालमीत, चहा होता होता, आप्पा म्हणाले, "हिलाल, तुन्हा पोऱ्या नि मन्ही जिजा. काय म्हनस?" जिजा ही आप्पांची एकुलती एक लेक. हसरी, चुणचुणीत, बापाचे सगळे संवाद तिला तोंडपाठ. हिलालभाऊचा मुलगा बापासारखाच शांत. जात एक, गाव एक, मनं एक. कुणाला वावगं वाटावं असं त्यात काही नव्हतं. हिलालभाऊने सवयीने आवंढा गिळला आणि म्हणाला, "मंग याही, ऱ्हा ना आजना दिन." आम्ही सगळे हसून लोळायचे बाकी राहिलो. घरातून बायकाही हसल्या. मी तर पेटीवर उत्साहात लग्नाची धून वाजवली.

लग्न झालं. लेकीच्या लग्नात आप्पांना चुलीपाशी जायला बंदी होती, तरी डोक्याला फेटा बांधलेला हा माणूस तीनदा पातेल्याजवळ सापडला. मग यात्रा जवळ आली नि तालमीचा पहिला दिवस उजाडला. मी पेटी घेऊन हिलालभाऊच्या ओसरीवर जाऊन बसलो. आप्पा आले आणि खाली गल्लीतच उभे राहिले.

"या ना याहीबुवा, वर या," हिलालभाऊ म्हणाला.

"नही नही. तुम्ही बठा. मी आठेच बरा शे."

मला आधी वाटलं, खेळ चालू झाला. पण दोघांपैकी कुणीही हसत नव्हतं. जन्मभर एकमेकांना 'अरे तू' करणारी ही माणसं आता एकमेकांना 'तुम्ही' म्हणत होती. हिलालभाऊच्या बायकोने पदर सावरून पाण्याचा तांब्या बाहेर पाठवला. आप्पांनी हात जोडून तो परत केला. त्यांनी यावरच तर वर्षानुवर्षं लोकांना हसवलं होतं! आता तेच गल्लीत घसा कोरडा करून उभे होते, आणि ताक मागायचीही सोय नव्हती. त्या दिवसापासून तालीम शाळेच्या पडवीत होऊ लागली.

खरी पंचाईत तंबूत झाली. हिलालभाऊला आता आवंढा गिळता येईना. खऱ्या याहीला वैतागून बघायचं कसं? त्याची लेक आपल्या घरात नांदतेय, चार लोक बघताहेत, उद्या कुणी म्हणेल सुताराच्या घरी याहीचा अपमान होतो. म्हणून तो मनापासून, गोड आवाजात म्हणाला, "ऱ्हा ना याही, आजना दिन." आग्रह इतका खरा होता की त्यात हसण्यासारखं काही उरलंच नाही. लोक जुन्या आठवणीवर थोडं हसले. पुढच्या वर्षी हिलालभाऊने कंबर दुखत असल्याचं कारण सांगून अंग काढून घेतलं. आप्पांनी आग्रह केला नाही. खऱ्या याहीला आग्रह कसला करणार?

तेव्हा खेळ थांबायला हवा होता. मला ते दिसत होतं आणि आप्पांना माझ्याआधी दिसलं होतं. पण याहीशिवाय यात्रा कशी, असं म्हणत तंबूवाले दिवाळीपासूनच दारात येऊन बसत. गावातले लोकही म्हणत, आप्पा, आपल्या गावाचं नाव आहे. मग यजमानाच्या जागी एक धडधाकट तरुण घेतला. तो दर वाक्य ओरडूनच म्हणे. ओरडण्याने हसू येईना म्हणून याहीला एक घोडं दिलं. घोड्याचं नवल संपलं तेव्हा दुसरा याही आणला. मग पहिल्या याहीला दरोडेखोरांनी पळवलं, मग तो ग्रामपंचायतीला उभा राहिला, आणि एका वर्षी तर त्याच्या स्वप्नात इंद्राचा दरबार भरला. मी पेटीवर बसून हे सगळं बघत होतो आणि मनातल्या मनात चरफडत होतो. आप्पा स्वतः एका शब्दानेही तक्रार करत नसत. फक्त खेळ संपला की कपाळावरचं गंध पुसत म्हणत, "आज बी गया नही गुरुजी तो."

लोक मात्र येतच होते, हेही खरं. त्यांना आता गोष्टीशी देणंघेणं उरलेलं नव्हतं. याही गाठोडं उचलतो कधी याची ते वाट बघत, आणि तो उठला रे उठला की यजमानाच्या आधी अख्खा तंबू ओरडे, "ऱ्हा ना याही, आजना दिन!" मग स्वतःच्याच ओरडण्यावर खूश होऊन हसत. आप्पांना लग्नांमध्ये पूर्वीसारखं काही टिपायलाही मिळेना. चुलीपाशी ते दिसले की माणसं एकतर जपून बोलू लागत, नाहीतर "आप्पा, हे घ्या नाटकात" म्हणून मुद्दाम भांडून दाखवत.

आणि या सगळ्याचा जाच होत होता तो जिजाला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. झाडाझाडांना झोके बांधलेले असतात, गाणी चाललेली असतात. जिजाचं सासर दोन गल्ल्या पलीकडे, तरी सणाला ती माहेरी आलेली होती. मी आप्पांकडे पुरणपोळीला गेलो होतो. सगळ्याजणी झोक्यावर आणि ही आपली चुलीपाशी बसलेली. आप्पांनी विचारलं, "झोका खेवाले गयी नही का वं?" मग म्हणाली, "आप्पा, त्याले एकदाव घर लई जा ना."

"कोनले?"

"त्या याहीले. हिरवर गयी तरी बाया इचारतस, तुन्हा बाप गया का? घरमा पाव्हना उना तरी तेच. सासू बी हासस. पहिले मले बी हासू ये. आते येत नही."

हीर म्हणजे विहीर. रोज विहिरीवर त्या पोरीला तिचा बाप गेला का म्हणून विचारत होते! सासरच्यांनी तिला कधी वाकडा शब्द बोलल्याचं मी ऐकलं नाही, माणसं भली होती. पण ज्या घरात आपण नांदतो त्या घराला आपला बाप चिकटलाय, ही थट्टा बाई माणसाने किती वर्षं ऐकायची? आप्पांनी हातातली पोळी ताटात ठेवली. मग म्हणाले, "या यात्राले लई जासू, माय. मन्हा शबद शे."

त्या वर्षी त्यांनी जीव ओतून खेळ बांधला. घोडं नाही, दरोडेखोर नाहीत, इंद्र तर नाहीच. पुन्हा एक ओसरी, एक याही, एक यजमान. मला फार बरं वाटलं. शेवटी याही उठणार, नाटकातल्या लेकीच्या डोक्यावरून हात फिरवणार, आणि कुणी काही बोलायच्या आत मी निरोपाची धून धरणार. त्या धुनेवर तो तंबूच्या बाहेर चालत जाणार, असं ठरलं. हिलालभाऊलाही आप्पांनी मुद्दाम बोलावलं. तो पुढच्या रांगेत बसला होता, शेजारी बायकांच्या बाजूला जिजा.

खेळ सुंदर झाला. जुनं हसू परत आलं. मग आप्पा उठले, गाठोडं काखेत मारलं, आणि म्हणाले, "माय, तुन्हं घर बेस शे. मी आते मन्हा घर जास." मी धून धरली. तंबूतले लोक पेटलेच. "ऱ्हा ना याही! आजना दिन!" आप्पांनी हात जोडले, मान हलवली, एक पाऊल टाकलं. लोकांना ती नवी गंमत वाटली. ते आणखी जोरात ओरडू लागले. मी भाता जिवाच्या आकांताने हलवत होतो, पण माझे सूर मलाच ऐकू येत नव्हते. यजमान झालेला तो पोरगाही सवयीने म्हणून गेला, "ऱ्हा ना याही." आप्पा थबकले. त्यांनी समोर हिलालभाऊकडे पाहिलं.

आता अख्खा तंबू हिलालभाऊकडे बघत होता. जुना यजमान! त्याने एकदा "जा" म्हटलं असतं तर याही गेला असता, पुन्हा कुणी त्याला अडवलं नसतं. पण भर यात्रेत, शेकडो लोकांसमोर, मुलीच्या बापाला "जा" म्हणायचं? खरा याही समोर उभा होता, खरी सून शेजारी बसली होती. हिलालभाऊ उठला. त्याच्या लांब गळ्यातून आवंढा खाली उतरला. कित्येक वर्षांनी लोकांनी तो पाहिला आणि तंबू हशाने फुटायच्या बेताला आला. हिलालभाऊचे डोळे भरलेले होते. हात जोडून तो म्हणाला, "ऱ्हा ना याही, आजना दिन."

आप्पांनी गाठोडं खाली ठेवलं. जिजाने पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, हसतेय.

परतताना बैलगाडीत आप्पा माझ्याशेजारी बसले होते. मग म्हणाले, "इतला लोकंमा एक बी 'जाय' म्हननारा नही, गुरुजी."

त्यानंतर आप्पा यात्रेत उभे राहिले नाहीत. पण म्हणून याही थोडाच थांबतो! तंबूवाल्यांनी अक्कलकुव्याकडून कुणीतरी आणला, त्याला रंग फासला, हातात गाठोडं दिलं. त्या वर्षी मी आणि आप्पा मागे उभे राहून तो खेळ बघत होतो. तो परका माणूस "मी आंडेरना घरनं पानी बी पेत नही" म्हणाला आणि न थांबताच ताक मागून मोकळा झाला. तरीही लोक हसले. आप्पांच्या शेजारी उभ्या असलेल्या एकाने त्यांना ओळखलंच नाही. उलट कोपराने ढोसून म्हणाला, "बाबा, वरडा ना तुम्ही बी!" विहिरीवर जिजाला तो प्रश्न पुढेही विचारला जात राहिला. तिला मुलगा झाल्यावर आप्पांना तिच्या घरचं पाणी प्यायची मोकळीक झाली. ते एकदा गेलेही, पण उंबऱ्याशी बसून, घोटभर पिऊन, लगेच उठले. बसा म्हणायची सवड त्यांनी कुणालाच दिली नाही.

साठच्या दशकात माझी बदली नाशिककडे झाली. गावाने मला फाट्यापर्यंत पोचवलं. सगळे भोवती गोळा झाले आणि आपल्या रीतीप्रमाणे सुरू झाले, "ऱ्हा ना गुरुजी, आजना दिन. सकाय जा." सकाय म्हणजे उद्या. बायामाणसं डोळे पुसत होती, पोरं पिशव्या ओढत होती. हिलालभाऊनेही हात धरून तेच म्हटलं. खरं सांगतो, माझा पाय निघेना. त्या गावात माझी तरुण वर्षं गेली होती. एक दिवस उशिरा हजर झालो तर काय बिघडतंय, असं मनात येऊ लागलं. एस.टी. येऊन उभी राहिली आणि कंडक्टर घंटी मारू लागला.

आप्पा गर्दीच्या कडेला उभे होते. माझी पेटी त्यांनी घरापासून स्वतःच्या खांद्यावर आणली होती. ते पुढे आले, पेटी गाडीत चढवली, माझी वळकटी चढवली, आणि माझ्या पाठीवर हात ठेवून मला दाराकडे ढकललं. लोक म्हणाले, "आप्पा, हाई काय?" त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. ती अर्धी चकित मुद्रा माझ्या अगदी जवळ होती.

"मले कोनी म्हनं नही गुरुजी," ते म्हणाले, "तुम्हले मी म्हनस. जा."

मी गाडीत चढलो.